गाडीखालचं गाऱ्हाणं

“अरे प्रीतम, मी आहे ना! सायलेन्सर बदलायचाय, हार्ट नाही बदलायचं! रविवारी सकाळी गाडी उचलू, पोहे गार व्हायच्या आत खेळ खलास!”

सुयोग घाडीगावकरने फोनवर ही डरकाळी फोडली तेव्हा त्याची बायको श्रुतिका चपात्या लाटत होती. तिचं लाटणं हवेतच थांबलं. नवरा तिला पुरता ठाऊक. हा माणूस लिफ्टमध्ये शिरला की सगळ्यांची वजनं मनातल्या मनात मांडतो. कुकरची शिट्टी व्हायला आली की दुसऱ्या खोलीत निघून जातो. मुलुंडच्या एका कंपनीत तो सेफ्टी ऑफिसर आहे आणि तुम्हाला सांगतो, त्या खुर्चीला त्याच्यापेक्षा लायक माणूस शोधून सापडणार नाही. कारण अख्ख्या कंपनीत त्याच्याइतकं घाबरणारं दुसरं कोणी नाहीच!

“तू? तू गाडीखाली जाणार?” श्रुतिका म्हणाली.

“सेफ्टी पाळली की घाबरायचं कशाला?”

“मग आत्ता घाम कशाला पुसतोयस?”

“पंखा बंद आहे म्हणून!” सुयोग म्हणाला. पंखा चांगला गरागरा फिरत होता.

प्रीतम हा श्रुतिकाचा धाकटा भाऊ. राहायला त्याच सोसायटीत, खालच्या मजल्यावर. बिचाऱ्याने हौसेने सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली होती. लालभडक, दोन दारांची आणि इतकी बुटकी, की आत बसताना पाटावर जेवायला बसल्यासारखं वाटावं. असली गाडी घेऊन घाटकोपरात फिरायचं म्हणजे काय होणार? एका स्पीडब्रेकरवर तिचा सायलेन्सर फाटला. तेव्हापासून ती गेटातून आत आली की तावदानं थडथडायची. सोसायटीचे सेक्रेटरी कुंडलिकराव तर एकदा अर्धी दाढी करून खाली धावले. त्यांना वाटलं, मागची टेकडी आली अंगावर! “आवाज बंद करा, नायतर गाडी गेटाबाहेर,” असं त्यांनी सांगून टाकलं. नवा सायलेन्सर प्रीतमने आणून ठेवला होता, पण एकही गॅरेजवाला तारीख देईना. आणि अशा वेळी जिजूंनी डरकाळी फोडली!

मग सुयोग अभ्यासाला लागला. मोबाइलवर व्हिडिओ बघू लागला. त्यात एका व्हिडिओत गाडी घसरून खाली आली. माणूस वाचला, पण सुयोगची झोप गेली ती गेलीच. शिवाय त्याला एक भयंकर गोष्ट कळली. ही गाडी ओढणारी चाकं मागची आणि हँडब्रेक लागतो तोही मागच्याच चाकांना. सायलेन्सर बदलायचा तर गाडी मागून उचलायची. म्हणजे ब्रेक लागलेली चाकं हवेत! जमिनीवर उरली पुढची दोन, आणि ती पार मोकळी! त्यांच्यापुढे भक्कम काहीतरी अडकवलं नाही, तर गाडी निघाली की स्टेशनकडे फिरायला. त्यात सोसायटी टेकडीच्या अंगावर. आवार दिसायला सपाट, पण बादलीभर पाणी ओतलं तर बरोबर गेटाकडे जायचं.

सुयोगने रबराचे अडसर मागवले, ते वेळेवर आले नाहीत. एका चाकासाठी त्याने बागेच्या कडेचा काळा दगड हेरला. दुसऱ्यासाठी तेवढं जड काय? घरभर शोधलं आणि त्याची नजर गॅलरीत गेली. तिथे आईचा पाटा उभा होता.

आता हा पाटा म्हणजे साधासुधा नव्हे. सुयोगची आई, नलिनीबाई, लग्न होऊन कणकवलीकडून मुंबईला आल्या तेव्हा हा पाटा त्यांच्यासोबत आला होता. मिक्सर आल्यापासून त्यावर वाटण होत नव्हतं, पण दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागायचंच. सुयोगच्या बारशाला याच्याच वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून-वरून फिरवलं होतं. असा हा घरातला मानाचा पाटा! रविवारी सकाळी आई आंघोळीला गेल्याबरोबर सुयोगने तो टॉवेलात गुंडाळून खाली पळवला. विचारलं असतं तर मिळाला नसता, म्हणून विचारलंच नाही.

खाली प्रीतम तयारच होता. गाडीचं नाक गेटाकडे. सुयोगने पुढच्या एका चाकापुढे दगड सारला, दुसऱ्यापुढे पाटा. मग जॅक लावून गाडी मागून उचलली, दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड दिले आणि गाडी हळूच त्यांच्यावर टेकवली. डाव्या हाताने हलवून बघितली. उजव्या हाताने हलवून बघितली. प्रीतमला धक्का द्यायला लावला.

“जिजू, हलत नाही हो! जा ना आता!”

“जातो! घाई करू नकोस! घाईतच माणसं जातात!”

त्याने कंपनीचं पिवळं हेल्मेट घातलं. पट्टा हनुवटीखाली बांधला, वर सेफ्टीसाठी आणखी एक गाठ मारली. गाठ अशी घट्ट, की तोंड उघडताना त्रास व्हावा. मग आकाशाकडे बघितलं आणि पाठीवर सरपटत मागून गाडीखाली शिरला. बाहेर राहिले फक्त त्याचे पाय.

खाली शिरल्यावर मात्र त्याचं धाबं दणाणलं. वर बघावं तर सगळं लोखंड, आणि तेही नाकाच्या इतकं जवळ की त्याचा वास यावा! मान वळवायला गेला तर हेल्मेट एका नळीत अडकलं. कुठे तरी ‘टक’ असं वाजलं आणि त्याचे दोन्ही पाय आपोआप आवळले.

“प्रीतम! काय वाजलं रे?”

“कबूतर आहे, जिजू.”

“नक्की ना? नीट बघ!”

“कबूतरच आहे!”

तरी गड्याने काम केलं बरं का! गंजलेले बोल्ट तेल सोडून सोडवले, फाटका सायलेन्सर बाहेर सरकवला, नवा आत घेतला. तो दोन्ही हातांनी छातीवर तोलून धरला आणि पहिला बोल्ट लावणार, एवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत नलिनीबाई पूजा आटोपून टॉवेल वाळत घालायला आल्या. सहज खाली बघितलं. गाडी! गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय! आणि पायांत आपल्या झिलाची, सुयोगची चप्पल!

“अगो बाय माझे! माझो झील गाडीखाली गावलो गोऽऽ!”

त्यांच्या हातातला ओला टॉवेल खाली आला, त्याच्यामागून त्या स्वतः जिन्याने आल्या. मागोमाग लाटणं घेऊन श्रुतिका. पलीकडून कुंडलिकराव.

“सुयोगा! रे सुयोगा! जिवंत आसस मां?”

“आई, मला काही झालेलं नाही! मी काम करतोय!”

“आग लागो तुझ्या कामाक! भायर ये आधी!”

“आत्ता येता येत नाही!”

झालं! ‘येता येत नाही’ म्हटल्यावर माऊली कपाळाला हात लावून खालीच बसली. सुयोगने आतून जीव तोडून समजावलं, की सायलेन्सर छातीवर आहे, सोडला तर तोंडावर पडेल, दोन बोल्ट लागले की येतो. प्रीतम म्हणाला, “जिजू, मी येऊ का धरायला?”

“खबरदार! एका वेळी एकच माणूस! सेफ्टी!”

नलिनीबाईंचा हुंदका आता रागावर गेला. “म्हणजे तू आपणहून गेलंस? ना नारळ, ना अगरबत्ती, ना गाऱ्हाणा! तसोच लोखंडाखाली जावन निजलंस? माझो एकुलतो एक झील तू! तुका काय झाला तर मी खय जाव रे? प्रीतम, भावोजींका बोलावन हाड आधी!”

भावोजी म्हणजे सुयोगचे धाकूकाका. शेजारच्या विंगमध्ये राहायचे. सारा जन्म कापडगिरणीत साच्यांच्या खडखडाटात बोलून त्यांचा आवाज असा काही तयार झाला होता, की गिरणी बंद पडून इतकी वर्षं झाली तरी तो खाली आला नव्हता. आणि घाडीगावकरांच्या घरात शुभ काम काकांच्या गाऱ्हाण्याशिवाय होतच नाही. काकांनी देवाकडे मागायचं आणि बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. नवीन फ्रिज आला तेव्हासुद्धा आधी गाऱ्हाणं, मग प्लग!

काका आले ते टोपी घालून, हातात नारळ आणि पूजेचं ताट घेऊनच. त्यांनी वाकून पुतण्याचे पाय बघितले.

“निजलेलो आसा तो बरो आसा. हलू नको, झिला. गाऱ्हाणा सुरू झाला की मधी बोलूचा नाय आणि मधी सोडूचाय नाय.”

“काका, पटकन उरका हां! हात भरून आलेत!”

काकांनी घसा खाकरला आणि कबुतरं उडाली.

“बा देवा रवळनाथा, गांगेश्वरा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या तुझा लेकरू आज तांबड्या गाडयेखाली निजलेला आसा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“गाडी तेच्या अंगार पडाची नाय, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तेच्या छातयेचो चुरो होवचो नाय, म्हाराजा! तेची टकली फुटाची नाय, म्हाराजा! तेचे पाय एकीकडे नि धड एकीकडे असा होवचा नाय, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा! व्हय म्हाराजा! व्हय म्हाराजा!”

सेफ्टी ऑफिसर असूनही सुयोगला न सुचलेले अपघात काका एकेक करून देवापुढे मांडत होते! त्याचे दात वाजायला लागले आणि दातांबरोबर हेल्मेट त्या नळीवर खडखडायला लागलं. काका आता रंगात आले होते. स्वतःचा दुखरा गुडघा, प्रीतमचं लग्न, सोसायटीची सारखी अडणारी लिफ्ट, सगळं एकेक करून देवापुढे ठेवत होते. लिफ्टचं नाव आल्यावर कुंडलिकरावांनीसुद्धा, ते साताऱ्याकडचे असूनही, खणखणीत “व्हय म्हाराजा!” ठोकलं.

मग काकांनी हाताने खूण केली. नारळ फोडायला दगड हवा.

सुयोगला गाडीखालून लोकांचे फक्त पाय दिसत होते. नखं रंगवलेले दोन पाय पुढच्या चाकाशी आले. ते श्रुतिकाचे होते. तिचा हात खाली आला आणि चाकापुढचा काळा दगड उचलून वर गेला.

“श्रुतिका! दगड ठेव! दगड ठेव आधी!”

“हो रे, ठेवतेच आहे. काकांच्या पुढ्यात ठेवते.”

“तिथे नाही! चाकाला! चाकाला लाव!”

“गाऱ्हाण्यात मधी बोलूचा नाय!” काका गरजले आणि पुढचं “व्हय म्हाराजा!” इतकं मोठं झालं, की त्यात सुयोगचा आवाज पार बुडून गेला. काकांनी दगडाला कुंकू लावलं, फूल वाहिलं.

आता सगळी गाडी एका पाट्यावर! सुयोगने डोळे तिरपे करून त्या पाट्याकडे असं बघितलं, जसं आजवर कुठल्या मूर्तीकडेही बघितलं नसेल. देवा, एवढा राहू दे! आणि त्याच क्षणी नलिनीबाई गाडीच्या चाकाला हळद लावायला वाकल्या.

वाकल्या आणि तशाच राहिल्या.

“ह्यो पाटो कोणाचो?”

सुयोग गाडीखालून ओरडला.

“आई! हात लावू नकोस!”

“माझो पाटो! टायराखाली! मेल्या, ज्या पाट्यार वाटलेला खावन तू मोठो झालंस, तेका टायराक लावलंस? कुत्रीमांजरा मुततत रे त्या टायरार!”

“आई, तुझ्या पाया पडतो, तो काढू नकोस!”

“माझ्या नको, पाट्याच्या पाया पड!”

एरवी दुधाची पिशवी उचलताना कंबर धरणाऱ्या नलिनीबाईंनी तो पाटा दोन हिसक्यांत बाहेर ओढला, पदराने पुसला आणि पोटाशी धरला!

गाडीने एक उसासा टाकला. अगदी बारीक. सुयोगच्या कानाशी स्टँडचं लोखंड करकरलं आणि त्याच्या डोळ्यांदेखत स्टँडचा मागचा पाय जमिनीवरून उचलला गेला. त्याने सायलेन्सर बाजूला ढकलला, बाहेर सरकायला गेला, तर हेल्मेट त्या नळीत पक्कं अडकलेलं! पट्टा सोडायला गेला, तर त्याची स्वतःची सेफ्टीची गाठ! मेलो, त्याला वाटलं. आता खरंच मेलो.

“गाडी हलली!” श्रुतिका किंचाळली. “धरा! पुढून धरा!”

प्रीतमने बॉनेटला छाती लावली. कुंडलिकराव आले, नलिनीबाईही पाटा काकांच्या पुढ्यात ठेवून आल्या आणि सगळे मिळून गाडी मागे रेटू लागले. श्रुतिकाने मागे धावत जाऊन नवऱ्याचे दोन्ही घोटे पकडले. ओढून बघितलं, पण अडकलेलं हेल्मेट सुटेना.

“काका, तो दगड द्या! चाकाला लावा!”

“तो आता दगड नाय,” काका म्हणाले. “कुंकू लागला, तो देव झालो. गाऱ्हाणा सरल्याबिगर हलवूचो नाय!”

“मग संपवा ना लवकर!”

“संपवतंय!”

आणि काकांनी वेग घेतला. आवाज मात्र तोच! बारा गावचे देव एका दमात झाले, चुकलंमाकलं दुसऱ्या दमात झालं. प्रत्येक “व्हय म्हाराजा!” बरोबर गाडी रेटणाऱ्यांना जोर चढत होता. कुंडलिकरावांचा चेहरा गाडीसारखा लाल झाला होता. सुयोग गाडीखालून, रडत का होईना, पण स्वतःच “व्हय म्हाराजा” म्हणायला लागला होता. अजून थोडंसं! आता शेवट आलाच!

“तर म्हाराजा, ही सगळी लेकरा तुझ्यापुढे दोनी हात जोडून इनंती करतत, म्हाराजा!”

आता तुम्हीच सांगा. लहानपणापासून हे वाक्य ऐकलं की हात कुठे जातात? प्रीतमचे जोडले गेले. नलिनीबाईंचे जोडले गेले. कुंडलिकरावांनी दोघांकडे बघून आपलेही जोडले.

“व्हय म्हाराजा!”

आणि गाडी निघाली!

श्रुतिकाच्या हातात मात्र देव नव्हता, नवऱ्याचे घोटे होते. तिने पाय रोवले आणि आयुष्यात कधी ओढलं नसेल असं ओढलं. पट्टा तुटला! सुयोग पाठीवर सोलपटत बाहेर आला आणि तिच्या अंगावर आदळला. पलीकडे स्टँड कोसळले, मागची चाकं धाडकन जमिनीवर आली, त्यांचा ब्रेक लागला आणि गाडी कुंडलिकरावांच्या गुडघ्यांना टेकून थांबली. हात त्यांचे अजून जोडलेलेच होते.

प्रीतमने वाकून गाडीखाली बघितलं. पिवळं हेल्मेट पापडासारखं चपटं झालं होतं. ते त्याने ओढून बाहेर काढलं आणि सगळ्यांपुढे धरलं. मघापर्यंत त्यात सुयोगचं डोकं होतं.

नलिनीबाईंनी आधी पोराच्या पाठीत एक धपाटा घातला. मग त्याचं डोकं छातीशी धरून त्या ओक्साबोक्शी रडल्या. श्रुतिका त्याचे घोटे सोडायला तयारच नव्हती. “सोड आता, मी बाहेर आहे,” सुयोग म्हणाला, तरी तिने सोडले नाहीत.

नवा सायलेन्सर गाडीखाली वाकून गेला, जुना आधीच फाटलेला. आता बिनसायलेन्सरची गाडी सुरू करायची कोणाची छाती होईना. थोडक्यात, कुंडलिकरावांना हवी होती तशी शांतता सोसायटीत नांदू लागली.

जो तो आपापल्या घरी जायला वळला, तेवढ्यात धाकूकाकांनी पुन्हा घसा खाकरला.

“गाऱ्हाणा अर्ध्यार रवला.”

सगळे थांबले.

“एक वाक्य रवला. आणि अर्ध्यार रवलेला गाऱ्हाणा बरा नसता. ज्याच्यासाठी घातला, तेकाच बाधता.”

“मग म्हणून टाका ना काका,” प्रीतम म्हणाला.

“म्हणतंय. पण ज्याच्यासाठी घातला, तो जयसर होतो, थयसरच होयो.”

सगळ्यांनी गाडीकडे बघितलं. मग सुयोगकडे. सुयोगने भिंतीचा आधार घेतला.

“काका, माझा जीव घ्या, पण मी पुन्हा तिच्याखाली जाणार नाही!”

“रे झिला,” नलिनीबाई पुन्हा रडायला लागल्या, “तुका काय बाधला तर? एकाच वाक्याचो तर सवाल आसा रे!”

सुयोगचं डोकं सांगत होतं, की हे काही खरं नसतं. पण डोकं काय सांगतं याला त्या दिवशी काही किंमतच उरली नव्हती. गाडीखाली जायची भीती, न जावं तर त्या राहिलेल्या वाक्याची भीती! शेवटी श्रुतिकानेच तोड काढली.

“काका, गाडीच पाहिजे असं आहे का? डोक्यावर लोखंड असलं की झालं ना?”

काकांनी बराच विचार केला.

“चालात,” ते म्हणाले.

म्हणून मग सगळी वरात काकांच्या घरी गेली. तिथे त्यांचा जुना लोखंडी पलंग होता. सुयोगने पलंगाचे चारही पाय एकेक करून हलवून बघितले. वरच्या उश्या उतरवल्या. गादीवर टेकलेल्या प्रीतमला उठवून दाराबाहेर उभं केलं. मग जमिनीवर पाठ टेकली आणि सरपटत आत गेला.

“ह्या लेकराक सुखरूप भायर हाड, म्हाराजा!” काका गरजले.

वर नुसती कापसाची गादी होती. तरी आमच्या सेफ्टी ऑफिसरने डोळे गच्च मिटले, श्वास रोखला आणि सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा मोठ्याने तो पलंगाखालून ओरडला, “व्हय म्हाराजाऽऽ!”